लाईट बिल वाचायला शिकूया : एक तासिका, एक मीटर आणि एका बंद घराचं बिल



दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा पाठ आहे. त्यात एक किलोवॅट तास म्हणजे एक युनिट, म्हणजे ३.६ × १०^६ ज्यूल, हे आपण सगळेच शिकवतो. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात. पण त्याच मुलाच्या घरी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं लाईट बिल त्याला वाचता येतं का? मी वर्गात विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही. खरं सांगायचं तर बिलाची खालची, भरायची रक्कम सोडून मीही कधी काही वाचलं नव्हतं.

त्याला निमित्त झालं एका विद्यार्थिनीच्या आईचं. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून नवरा-बायको ऊसतोडीला गेलेले, मुलगी इथं अजिंठ्यात आत्याकडे. फेब्रुवारी सरताना परत आले तर दाराच्या फटीत बिलं. थकबाकीसकट बावीसशेच्या वर रक्कम. बाई शाळेत आल्या आणि म्हणाल्या, “सर, घर चार महिने बंद होतं. एक बल्ब पेटला नाही. मग हे बिल कशाचं ओ? आता लाईट कापली तर पोरीनं परीक्षेचा अभ्यास कशात करायचा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बिल ठेवून घेतलं आणि त्या रात्री पहिल्यांदा बिलाच्या दोन्ही बाजू नीट वाचल्या. पुढं जे शिकलो ते वर्गात दोन तासिकांमध्ये घेतलं. तेच इथं मांडतो आहे. सातवी-आठवीपासून पुढे कुठल्याही वर्गाला चालेल. पालकांनी घरी केलं तर उत्तमच.

आधी दोन आकडे शोधा

मुलांना सांगायचं, बिल खालून वाचू नका. रक्कम झाकून ठेवा. आधी ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ हे दोन आकडे शोधा. चालू वजा मागील, बरोबर आपण वापरलेली युनिटं. मध्ये ‘गुणक अवयव’ असा भारदस्त शब्द दिसेल. घरगुती मीटरला तो बहुधा १ असतो, म्हणजे वजाबाकीच्या उत्तराला एकनं गुणायचं. मुलं हसतात, पण तिथं १ च आहे ना, हे बघायची सवय लागते.

मग मीटरपाशी जायचं. मीटरवर आत्ता दिसणारा आकडा बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा थोडा जास्तच असला पाहिजे, कारण रीडिंग घेतल्यानंतरही वापर चालू आहे. मीटरचा आकडा बिलापेक्षा कमी दिसला, तर समजायचं की कुठेतरी गडबड आहे. मीटरवरचा क्रमांक आणि बिलावरचा मीटर क्रमांकही जुळवून घ्यावा. एका वाड्यात तीन-चार मीटर एका फळीवर असतात, तिथं हे आवर्जून करावं.

आता मुख्य गोष्ट. काही बिलांवर चालू रीडिंगच्या जागी आकडाच नसतो. तिथं ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’, ‘इनअॅक्सेस’ असा काहीतरी शब्द असतो. घराला कुलूप होतं, मीटर बिघडलेला आहे, मीटरपर्यंत पोचता आलं नाही, असे त्याचे अर्थ. अशा वेळी बिल मोजलेल्या युनिटांचं नसतं, आधीच्या वापरावरून काढलेल्या सरासरीचं असतं. आमच्या त्या बाईंच्या बिलावर नेमकं हेच होतं. मीटर घराच्या आत, घराला कुलूप. रीडिंग घेणारा येऊन परत गेला आणि दर महिन्याला साधारण साठ युनिटांचं सरासरी बिल निघत राहिलं.

यात कुणी कुणाला फसवलेलं नव्हतं. सरासरी बिल हे तात्पुरतं बिल असतं. पुढे खरं रीडिंग मिळालं की हिशेब पुन्हा करून जास्तीची रक्कम वजा व्हायला हवी. आम्ही बाईंच्या मीटरचा फोटो काढला, त्यात मीटर क्रमांक आणि आकडा दोन्ही स्पष्ट दिसतील असा. साध्या कागदावर अर्ज लिहिला, बिलाची झेरॉक्स जोडली, कार्यालयात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पुढच्या बिलात ‘समायोजित रक्कम’ या ओळीत वजावट आली. सहाशे-सातशे रुपये मात्र भरावे लागले. ते कशाचे, हे पुढे येईलच.

बिलातल्या ओळी, आपल्या भाषेत

*स्थिर आकार* – वीज वापरा न वापरा, जोडणी आहे म्हणून दर महिन्याला द्यायची रक्कम. बंद घरालाही हा लागतो. बाईंना भरावे लागलेले पैसे मुख्यतः याचेच, चार महिन्यांचे. मी मुलांना एस.टी.च्या पासचं उदाहरण दिलं. प्रवास केला नाही म्हणून पासचे पैसे परत मिळत नाहीत.

*वीज आकार* – वापरलेल्या युनिटांचे पैसे. सगळ्यात मोठा भाग हाच. त्याचं गणित खाली करू.

*वहन आकार* – तारा, खांब, डीपी यांतून वीज आपल्या दारापर्यंत आणण्याचं भाडं. हेही दर युनिटमागे. मोंढ्यात मिरची विकायला नेताना टेम्पोचं भाडं वेगळं द्यावं लागतं, तसं. सिल्लोड तालुक्यातल्या पोरांना हे लगेच कळलं.

*इंधन समायोजन आकार* – कोळशाचा आणि वीज खरेदीचा खर्च ठरवलेल्या अंदाजापेक्षा वर-खाली झाला की तो या ओळीतून येतो. म्हणून दर तेच असूनही एखाद्या महिन्यात बिल थोडं बदलतं.

*वीज शुल्क* – हा राज्य शासनाचा कर. घरगुती ग्राहकाला १६ टक्के. वरच्या आकारांच्या बेरजेवर लागतो. शेकडेवारीच्या पाठाला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

त्याखाली थकबाकी, व्याज, समायोजित रक्कम. वेळेत भरलं नाही तर १.२५ टक्के विलंब आकार, लवकर भरलं तर थोडी सूट. कागदी बिल नको, ई-मेल चालेल असं कळवलं तर बिलात थोडी सूट मिळते.

बिलावर ‘दर संकेत’ असंही लिहिलेलं असतं. घर, दुकान, शेतीपंप, कारखाना यांचे दर वेगवेगळे, म्हणून तो पाहायचा. हे सांगताना एका मुलानं विचारलं, “सर, लेण्यांचं बिल कोण भरतं?” अजिंठ्याच्या मुलाला हा प्रश्न पडणारच, लेणी इथून दहा-बारा किलोमीटरवर. मी म्हटलं, ज्याच्या नावावर मीटर तो. पण मग ओघानं हेही सांगितलं की वीज यायच्या आधी लेण्यांत आरसे आणि पांढरं कापड धरून बाहेरचं ऊन आत वळवायचे आणि त्या उजेडात पाहुण्यांना चित्रं दाखवायचे. आजही तिथं झगझगीत दिवे नसतात, कारण जास्त प्रकाशानं रंग खराब होतात. मुद्द्याला सोडून झालं, पण त्या दिवशी परावर्तनही शिकवून झालं.

दर संकेताबद्दल पालकांसाठी एक उपयोगाची गोष्ट. घरातच शिलाई मशीन, शिकवणी असं लहानसं काम चालत असेल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दर लागू राहू शकतो. ‘घरात मशीन दिसलं की दुकानाचा दर लागतो’ ही भीती अनेक बायांच्या मनात असते.

शंभर युनिटांची भीती

आमच्याकडे एक पक्का समज आहे. शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल दुप्पट दरानं येतं! म्हणून महिनाअखेरीला पंखा बंद करून बसणारी घरं मी पाहिली आहेत. हा समज चूक आहे, आणि तो गणितानंच दूर होतो.

उदाहरणासाठी महावितरणचे १ एप्रिल २०२४ पासूनच्या वर्षाचे घरगुती दर घेऊ. पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५, त्यावर १६.६४. प्रत्येक युनिटला वहन आकार १.१७. म्हणजे वहन धरून पहिल्या टप्प्याचा दर ५.८८, दुसऱ्याचा ११.४६, तिसऱ्याचा १५.७२. (दर बदलत राहतात. वर्गात करताना मुलांनी आणलेल्या बिलावरचेच दर घ्या.)

१०० युनिटांचे झाले ५८८ रुपये. मग १०१ युनिटांचे किती? मुलांची उत्तरं आली ११५७.४६, कारण त्यांनी १०१ ला ११.४६ नं गुणलं. खरं उत्तर ५८८ अधिक ११.४६, म्हणजे ५९९.४६. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पायऱ्या चढताना दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला म्हणून पहिली पायरी उंच होत नाही. एका मुलीनं घरी जाऊन आजीला हे समजावलं, तर आजी म्हणाली, “मग इतकी वरसं मी उगाच घामाघूम झाले व्हय?”

तरी उन्हाळ्याचं बिल अंगावर येतं ते का, हे पुढचं गणित. एक साधं घर धरा. ९ वॅटचे तीन एलईडी रोज पाच तास, ७५ वॅटचे दोन पंखे दहा तास, ६० वॅटचा टीव्ही चार तास, एक एचपीची पाण्याची मोटर अर्धा तास. महिन्याचे अनुक्रमे साधारण ४, ४५, ७ आणि ११ युनिट. एकूण ६७. त्याचे ३९४ रुपये. आता एप्रिलमध्ये २०० वॅटचा कूलर आला, रोज दहा तास. रोजचे २ युनिट, महिन्याचे ६०. एकूण १२७. आता बिल ५८८ अधिक २७ गुणिले ११.४६, म्हणजे ८९७ रुपये. युनिटं दुपटीपेक्षा थोडी कमी वाढली, पैसे मात्र सव्वादोन पट झाले. वर स्थिर आकार आणि कर वेगळे. माझ्या घरी कूलर आणल्यावर मीटर पळतो म्हणून मीच तक्रार करायला निघालो होतो. हे गणित आधी केलं म्हणून हसं व्हायचं वाचलं.

मीटर पळतो की नाही हे घरीच तपासता येतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच एका युनिटला किती लुकलुक हे लिहिलेलं असतं. माझ्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करून फक्त १००० वॅटची थंड इस्त्री लावायची आणि एक मिनिट मोजायचं. तासाला एक युनिट म्हणजे ३२०० लुकलुक, मिनिटाला ५३ च्या आसपास. माझ्याकडे ५२ आल्या. थंड इस्त्री अशासाठी की तापल्यावर ती आपोआप बंद-चालू होते आणि मोजणी बिघडते. सगळं बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा शेजारची वायर आपल्या मीटरवर आहे, असा संशय घ्यायचा आणि वायरमनला दाखवायचं. मोठ्या माणसानं सोबत राहावं. मीटरला, सीलला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

जून २०२० : सगळ्या महाराष्ट्राचा गणिताचा पेपर

सरासरी बिल आणि दराचे टप्पे एकत्र आले की काय होतं, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. २३ मार्च २०२० पासून टाळेबंदीमुळे मीटर रीडिंग थांबलं. राज्य वीज नियामक आयोगानं सरासरी बिलं द्यायला परवानगी दिली. एप्रिल-मे ची बिलं मागच्या, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या वापरावरून काढली गेली. ते हिवाळ्याचे महिने. प्रत्यक्षात एप्रिल-मे मध्ये सगळे घरात, पंखे-कूलर दिवसभर चालू. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झालेले. जूनमध्ये रीडिंग घेतलं तेव्हा राहिलेली सगळी युनिटं एकाच बिलात आली. ठिकठिकाणी बिलांची होळी झाली. शेवटी शासनानं तीन हप्त्यांची सोय दिली, एकरकमी भरणाऱ्याला २ टक्के सूट जाहीर केली, आणि महावितरणनं बिल पडताळून बघण्यासाठी ऑनलाईन सोय केली.

त्या गोंधळात बहुतेकांनी एवढंच विचारलं, की बिल एवढं मोठं का? विचारायचा खरा प्रश्न वेगळा होता. युनिटं तीन महिन्यांची आहेत, तर टप्पेही तीन महिन्यांचे धरलेत का?

हे मुलांना फळ्यावर करून दाखवा. समजा तीन महिन्यांचं रीडिंग एकदम घेतलं आणि ३९० युनिटं निघाली. एकाच महिन्याची समजून वरचे दर लावले तर ५८८, अधिक २०० गुणिले ११.४६ म्हणजे २२९२, अधिक ९० गुणिले १५.७२ म्हणजे १४१४.८०. एकूण ४२९४.८०. आता ती तीन महिन्यांत वाटली, महिन्याला १३०. प्रत्येक महिन्याचे ५८८ अधिक ३४३.८०, म्हणजे ९३१.८०. तिनाचे २७९५.४०. वीज तेवढीच, मीटर तोच, फरक १४९९.४० रुपयांचा. महावितरणनं तेव्हा टप्प्यांचा लाभ महिन्यांप्रमाणे विभागून दिला असल्याचं सांगितलं होतं. आपल्या बिलात तो दिलेला आहे का, हे मात्र ज्याचं त्यानं भागाकार करून बघायचं होतं, आणि तो भागाकार पाचवीच्या मुलालाही येतो.

आजही कुलूपबंद घर, बिघडलेला मीटर यांमुळे दोन-तीन महिन्यांचं बिल एकदम येतं. तेव्हा हाच प्रश्न. एकूण युनिटांना महिन्यांनी भागा, एका महिन्याचं बिल काढा, महिन्यांनी गुणा, मग बिलाशी ताडून बघा.

दोन बिलं आली म्हणून घाबरू नका

एप्रिल-मे च्या सुमारास नेहमीच्या बिलासोबत आणखी एक बिल येतं आणि गावात चर्चा सुरू होते, ‘यंदा डबल बिल लावलं.’ ते अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं असतं. आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे मासिक बिल असणाऱ्यांची ठेव सरासरी बिलाच्या दुप्पट असावी लागते. वापर वाढला, दर वाढले की फरक मागितला जातो. ही ठेव आपलीच असते, तिच्यावर दरवर्षी व्याज मिळतं आणि ते बिलातून वजा होतं. मागच्या वर्षीची बिलं जपून ठेवली असतील तर हे व्याज आलं का ते बघा. माझ्या ओळखीत कुणीच बघितलेलं नव्हतं, माझ्यासकट.

तक्रार करायची तर

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याशी दरावरून भांडण्यात अर्थ नाही. दर तो ठरवत नाही. महावितरणही स्वतःहून ठरवत नाही. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, आणि त्याआधी जनसुनावणी होते. आपल्या छत्रपती संभाजीनगरलाही ती होते आणि सामान्य ग्राहकाला तिथं बोलता येतं. मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास यांच्यासारख्या संस्था वर्षानुवर्षं अभ्यास करून तिथं मुद्दे मांडत आल्या आहेत.

रीडिंग, सरासरी, टप्पे, मीटर या आपल्या बिलापुरत्या गोष्टी मात्र कार्यालयातच मांडायच्या. १९१२ वर फोन किंवा महावितरणच्या अॅपवर नोंद करता येते. बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. तरी लेखी अर्ज आणि पोच यांना पर्याय नाही. तिथं निकाल लागला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूरला. या दोन्हींची तरतूद वीज कायदा २००३ च्या कलम ४२ मध्येच आहे.

आणि त्या बाईंचा मूळ प्रश्न, लाईट कापतील का? त्याच कायद्याचं कलम ५६ सांगतं की थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं होणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरायची. वादाचा निकाल लागेपर्यंत मग पुरवठा तोडता येत नाही. सतत थकबाकी म्हणून बिलावर न दाखवलेली रक्कम दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, हेही तिथंच आहे. ‘बिल चूक आहे, म्हणून काहीच भरत नाही’ असं म्हणून घरी बसणाऱ्याला मात्र हे कलम वाचवत नाही. बाईंना मी हे वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी कलमाचा आकडा पोरीच्या वहीत लिहून घ्यायला सांगितला.

आता वर्गात एक वही आहे. दर महिन्याच्या १ तारखेला प्रत्येक जण आपल्या मीटरचा आकडा त्यात लिहितो. बिल आलं की ताडून बघतो. ज्यांचे मीटर घराच्या आत आहेत अशी सात घरं निघाली. दिवाळीनंतर बाहेरगावी जाणाऱ्यांनी महिन्यातून एकदा दार उघडायला किल्ली कुणाकडे ठेवायची, हे मुलांनीच घरी बोलून ठरवलं. अॅपवरून स्वतः रीडिंगचा फोटो पाठवायची सोय आहे, ती कशी वापरायची हे दोन मुलांनी शिकून घेतलं आहे. आत्याबाईंच्या मोबाईलवरून पहिला फोटो आमच्या त्या विद्यार्थिनीनंच पाठवला. आकडा अंधुक आल्यानं तो नाकारला गेला. दुसऱ्या वेळी टॉर्च तिरपा धरून काढला, तो चालला.

तुमच्या शाळेत हा पाठ घेतलात तर मार्च आणि मे अशी दोन बिलं मुलांना आणायला सांगा. एकाच घराची दोन बिलं शेजारी ठेवली की टप्प्यांचं गणित फार समजावून सांगावं लागत नाही.